पाच पिवळे काटे

(उत्तर अमेरिकेतला गवताळ माळ. गारगोट्यांच्या नदीकाठी शायेन जमातीची वस्ती. वसंतातली दुपार. तंबूत दोघी बायका गव्याच्या कातड्यावर साळिंदराचे रंगवलेले काटे बसवताहेत.)

गाराबाई : थांब. हात काढ. हात काढ म्हणते ना!

माळचिमणी : काय झालं, आत्याबाई?

गाराबाई : आधी तोंडात भिजत ठेवलेत ते काटे बाहेर काढ, गिळशील एखादा. आता मोज. पिवळे किती, तांबडे किती?

माळचिमणी : चार पिवळे, एक तांबडा. चार पिवळे, एक तांबडा. चार... अगं बाई. इथं पाच पडलेत.

गाराबाई : पाच.

माळचिमणी : एक काटा तर जास्त आहे. काढून टाकते.

गाराबाई : हात लावून बघ, बोट मोडीन! काटेकाम शिकून सहा वर्षं झाली तुला. नवसाचं पांघरूण आहे हे, सशाचं कातडं नव्हे. त्यातला चुकलेला काटा बाईच्या हातानं निघत नाही. ज्यानं वैऱ्याची केसांसकट टाळू स्वतःच्या हातानं उतरवली असा पुरुष यायचा, इथं बसून तो पराक्रम खरा-खरा सांगायचा आणि मग सुरी लावायची. तोवर एक टाका घालायचा नाही.

माळचिमणी : मला तेवढा वेळ नाही. कडेची एकच ओळ राहिली होती.

गाराबाई : चूक पाचव्या ओळीत आहे, पोरी. वरच्या तीन तिच्यावर बसल्यात. त्याही जाणार.

माळचिमणी : आत्याबाई, उद्या सकाळी हे घेऊन मला धनुष्यदोरीवाल्या वीरांकडं जायचंय. तुम्हांला माहीत आहे. मी त्यांच्यापुढं चिलीम ठेवणार. म्हणणार, माझ्या नवऱ्याला ज्यानं मारलं त्या एककान्या कायोवाची टाळू जो आणील, त्याच्या खांद्यावर हे पांघरूण.

गाराबाई : आणि चार दिवसांनी कायोवा इथं नदीवर येणार आहेत, बायकापोरं घेऊन, सलोखा करायला. हेही तुला माहीत आहे.

माळचिमणी : म्हणून तर घाई आहे. एकदा ते आले, चिलीम ओढली, की मग हात बांधले सगळ्यांचे. आत्ता वीर निघाले तर ते वाटेतच गाठतील त्यांना.

गाराबाई : बायकापोरांसकट?

माळचिमणी : मी बायकापोरांचं नाही बोलले. एककान्याचं बोलले.

गाराबाई : बाण सुटला की त्याला कान मोजता येतात का कुणाचे?

माळचिमणी : तुम्ही मामंजींची बाजू घेणार, बहीणच शेवटी. पोराचं प्रेत दारात आणलं तेव्हा काय केलं त्यांनी? मी केस कापले, पिंढऱ्या चिरून घेतल्या, सासूबाई तर रडून बेशुद्ध. आणि हे? चिलीम भरली. ओढत बसले. शेजारचे बघत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

गाराबाई : नायक आहे तो. सलोखा राखणाऱ्या चव्वेचाळीस नायकांतला एक. नायक केला त्या दिवशीच सांगितलेलं असतं, तुझ्या दारात तुझा पोरगा पडला तरी तू चिलीमच उचलायची. त्याला राग आला तर साऱ्या वस्तीला राग आला असं होतं.

माळचिमणी : मग असला नायक नको होता मला सासरा म्हणून.

गाराबाई : कुणाला हवा असतो? त्याची धाकटी बायको पळाली ना, तू यायच्या आधी, तेव्हा मी म्हटलं आता तरी हा उठेल. कसला उठतोय. म्हणाला, कुत्रं तंबूवर मुतून गेलं. झालं. वर ज्यानं पळवली त्यालाच जेवायला बोलावलं हिवाळ्यात, दोघंही उपाशी होते म्हणून. आणि गेल्या महिन्यात धनुष्यदोरीवाल्या पोरांनी त्याच्या दारात गव्याचं शेण आणून टाकलं, भित्रा म्हणून, तर आभार मानले मेल्यानं! म्हणे, बरं झालं, सरपण संपत आलं होतं.

माळचिमणी : हसू नका. मला नाही येत हसू.

गाराबाई : मलाही येत नव्हतं तेव्हा. आता येतं.

माळचिमणी : ते जाऊ दे. टाळू उतरवलेला माणूस बोलवा कुणीतरी. पटकन होऊन जाईल.

गाराबाई : बोलावलाय. मघाशी शेजारणीला हात केला ना मी.

माळचिमणी : कोण? सगळे जवान तर शिकारीला गेलेत.

गाराबाई : सगळेच नाही गेले.

माळचिमणी : म्हणजे... नाही. नाही, आत्याबाई. मामंजींना नाही बोलवायचं.

गाराबाई : मग कुणाला? पलीकडच्या आंधळ्या म्हाताऱ्याला? सुरी माझ्या नाकाला लावील तो.

माळचिमणी : तुम्ही ही चूक केव्हा पाहिलीत?

गाराबाई : सकाळी.

माळचिमणी : सकाळी! आणि तीन ओळी मला वर चढवू दिल्यात?

गाराबाई : सकाळी वस्तीत चाळीस जवान होते. कुणीही आला असता, पॉनी जमातीचा वैरी मारल्याची बढाई मारली असती, सुरी लावली असती, गेला असता. काटेवाल्या बायकांत मी मोठी आहे, कुणाला बोलवायचं ते मी ठरवते. गप बस आता. पावलं वाजली.

संथ अस्वल : येऊ का आत?

माळचिमणी : या, मामंजी.

गाराबाई : ए लंगड्या. बघतोस काय शेपूट हलवत? तुझ्या धन्याला म्हणावं, मागच्या बाजूला बस, चुलीसमोरून जाऊ नको.

संथ अस्वल : लंगड्या, सांग, बसलो.

माळचिमणी : तुम्हां दोघांचे केस पांढरे झाले आणि अजून मध्ये कुत्रं लागतं.

गाराबाई : मग काय भावाशी तोंडावर बोलू, वयात आलेल्या बहिणीनं? लहान आहे का मी? लंगड्या, सांग त्याला, पाचव्या ओळीत काटा चुकलाय. नायकाकडं जे मागावं ते त्याला द्यावं लागतं, नाही म्हणता येत नाही. मी टाळूची गोष्ट मागते.

संथ अस्वल : लंगड्या, तिला विचार. पॉनींच्या लढाईतली चालेल का? भाला लावला होता मी तीन जणांना.

गाराबाई : भाल्याची नको. ती लहान पोरांनाही पाठ आहे. टाळूची. टाळू त्यानं आयुष्यात एकदाच उतरवली आहे.

संथ अस्वल : तिला ठाऊक आहे ती गोष्ट.

गाराबाई : मला अर्धी ठाऊक आहे. काठीला बांधून नाचवली मी ती टाळू, चार रात्री. उरलेली अर्धी मला कधी सांगितली नाहीस.

माळचिमणी : आत्याबाई! तुम्ही त्यांच्याशी...

गाराबाई : बोलले. होऊ दे जे व्हायचं ते. कुत्र्याला किती समजणार आहे यातलं?

संथ अस्वल : ठीक आहे. सूर्य ऐकतो आहे. जमीन ऐकते आहे. खोटं बोललो तर त्यांनी बघून घ्यावं. चिमणे, तू बसणार ना? मध्ये उठून जाता येत नाही.

माळचिमणी : माझंच पांघरूण आहे. कुठं जाणार?

संथ अस्वल : बावीस हिवाळे झाले. तुझा नवरा तेव्हा दोन वर्षांचा. आम्ही सात जण कायोवांचे घोडे आणायला गेलो होतो. उजाडत होतं. एक जवान पोरगा ओढ्यावर आला. पाणी भरायला. अठरा-एकोणीसचा. गाणं म्हणत होता. नवंच लग्न झालेलं.

माळचिमणी : तुम्हांला काय ठाऊक, लग्न झालेलं?

संथ अस्वल : जोडे. नवे होते. तळव्यालासुद्धा काटेकाम होतं.

गाराबाई : पहिल्या वर्षीच करतात बायका. दुसऱ्या वर्षी कोण तळवे सजवतंय!

संथ अस्वल : त्याच्याकडं हत्यार नव्हतं. पाण्याची पिशवी होती. मी भाला लावला, तो पडला. मेला नव्हता. मी गुडघा टेकला आणि सुरी काढली. तेवढ्यात टेकडीवरून एक माणूस धावत आला. ओरडत. एकच शब्द, पुन्हा पुन्हा. मला कायोवांची भाषा येत नाही. पण ते नाव होतं. बापाची हाक होती ती. मी काम पुरं केलं. मग बाण सोडला. घाईत. त्याचा डावा कान गेला.

माळचिमणी : डावा कान.

संथ अस्वल : हो.

माळचिमणी : माझ्या नवऱ्याला, ससाण्याला ज्यानं मारलं... त्या माणसाला डावा कान नव्हता. सगळ्यांनी पाहिला.

संथ अस्वल : तोच तो.

माळचिमणी : तुम्हांला माहीत होतं? प्रेत आणलं त्या दिवशीच?

संथ अस्वल : पोरं म्हणाली, एक म्हातारा होता, एककान्या. त्याला दुसऱ्या कुणाशी लढायचंच नव्हतं, तो नीट ससाण्यावरच आला. तेव्हाच कळलं.

माळचिमणी : बावीस वर्षांनी? ससाण्याला तो कसा ओळखणार? ससाणा तर दोन वर्षांचा होता तेव्हा!

संथ अस्वल : पोराला नाही ओळखलं. ढाल ओळखली.

माळचिमणी : ढाल...

संथ अस्वल : नायक झालो, तेव्हा हत्यारं ठेवली मी. ढाल ससाण्याला दिली. काळं अस्वल आणि वर दोन चांदण्या. ओढ्यावर त्या दिवशी तीच माझ्या हातात होती. मला वाटलं, पोराला चांगली वस्तू देतोय.

माळचिमणी : मी बांधली ती त्याच्या दंडाला. त्या सकाळी. वादी सैल होती, मी दोनदा आवळली.

गाराबाई : पोरी, पोरी. इकडं ये.

माळचिमणी : नको. हात नका लावू. सांगू द्या त्यांना. पुढं सांगा, मामंजी.

संथ अस्वल : पराक्रम संपला. कापायचं तेवढं राहिलं.

गाराबाई : संपला नाही. कपाळावरची पट्टी काढ.

संथ अस्वल : लंगड्या, सांग तिला...

गाराबाई : लंगड्या गेला खड्ड्यात! हिवाळ्यात पूर्ण एक चंद्र तू नव्हतास. म्हणालास, अरापाहोंकडं पाव्हणा गेलो होतो. परत आलास तो हाडं मोजावीत असा, आणि तेव्हापासून ही पट्टी. घामानं भिजली तरी काढत नाहीस. मी बहीण आहे तुझी. काढ ती.

माळचिमणी : मामंजी... हे काय आहे? केसांच्या कडेनं इतकी लांब खूण... ही तर सुरीची आहे.

संथ अस्वल : त्याच्या तंबूत गेलो होतो.

माळचिमणी : कुणाच्या?

संथ अस्वल : एककान्याच्या. पायी. बर्फ होतं. बरोबर फक्त चिलीम. वस्तीत शिरलो तेव्हा कुत्री भुंकली, माणसं बाहेर आली. बाण ताणले त्यांनी. मी चालत राहिलो. पळालो असतो तर मारलं असतं. त्याचा तंबू विचारला, हातांच्या खुणांनी. ते इतके चक्रावले की दाखवला.

गाराबाई : वेडा आहेस तू. ठार वेडा.

संथ अस्वल : तो आत बसला होता. मला बघितलं, ओळखलं नाही. मी हातांनी सांगितलं. मी. ओढा. पाण्याची पिशवी. ढाल माझी. मग ओळखलं.

माळचिमणी : आणि?

संथ अस्वल : उठला. माझी वेणी मुठीत धरली, डोकं मागं ओढलं, सुरी लावली. त्यानं सुरुवात केली होती. रक्त डोळ्यांत आलं.

माळचिमणी : तुम्ही हात नाही धरलात त्याचा?

संथ अस्वल : मांडीवर होते माझे हात. मला वाटत होतं, घेऊ दे. त्याचं आहे ते.

गाराबाई : बाई गं. मी इथं बसून म्हणत होते, अरापाहोंकडं मांस फार मिळालेलं दिसत नाही.

माळचिमणी : मग थांबला कशानं तो?

संथ अस्वल : एका बाईनं माझ्यापुढं वाडगा ठेवला. उकडलेलं मांस. त्याच्या हाताखालून पुढं सरकवला. ज्यानं तंबूत खाल्लं त्याला तिथं मारता येत नाही, तिकडंही तसंच आहे. मला दिसत नव्हतं, रक्त होतं डोळ्यांत. तिनं माझा हात धरून वाडग्यात घातला. मी खाल्लं.

माळचिमणी : ती बाई कोण?

संथ अस्वल : मग म्हातारा बसला. सुरी हातातच. मग त्यानं खुणेनं विचारलं, तुझ्या पोराचं नाव काय? मी पिवळ्याची खूण केली, ससाण्याची केली. त्यानं दोनदा करून पाहिली. नीट जमेपर्यंत. मग त्याच्या पोराचं सांगितलं. उगवता सूर्य आणि धावणारा घोडा. मीही शिकलो. अठरा दिवस होतो तिथं. जखम भरेपर्यंत. रोज एकदा तो ससाण्याची खूण करायचा, आणि मी घोड्याची.

माळचिमणी : त्याला माझ्या नवऱ्याचं नाव येतं?

संथ अस्वल : येतं. चांगलं येतं.

गाराबाई : साठ वर्षं होत आली मला. मी कुणाला घाबरले नाही आजवर. तुझी भीती वाटते आज, दादा. चांगली भीती. नदीला पूर आला की काठावर उभं राहून वाटते ना, तशी.

माळचिमणी : लोकांना का नाही सांगितलंत हे? शेण टाकलं त्यांनी तुमच्या दारात! पट्टी काढली असतीत तर जागच्या जागी गप्प झाले असते.

संथ अस्वल : गप्प नसते झाले. नायकाला कायोवानं सुरी लावली, एवढंच दिसलं असतं त्यांना. त्याच दिवशी निघाले असते ते.

माळचिमणी : आणि मला? मला का नाही सांगितलंत?

संथ अस्वल : कसं सांगणार? तुझा नवरा मी मारला, असंच सांगावं लागलं असतं. धीर नव्हता. कायोवांच्या तंबूत शिरायला होता, तुझ्यासमोर बसायला नव्हता. मी काही मागायला आलो नाही, चिमणे. बहिणीनं बोलावलं म्हणून आलो. उद्या हे पांघरूण घेऊन वीरांकडं जायचं तर जा. मी आडवा येणार नाही, हक्क आहे तुझा. फक्त टाळू कुणाची मागायची ते बघ. सुरुवात एककान्यानं केली नव्हती.

माळचिमणी : वाडगा ठेवणारी बाई कोण ते नाही सांगितलंत.

संथ अस्वल : त्या पोराची बायको.

माळचिमणी : जोडे केले होते ती?

संथ अस्वल : ती. बावीस वर्षं सासऱ्याच्याच तंबूत आहे. दुसरं लग्न केलं नाही. निघताना तिनं मला विचारलं, तुझ्या पोराला बायको आहे का? मी हो म्हटलं. मग विचारलं, ती झोपते का?

माळचिमणी : काय म्हणालात?

संथ अस्वल : म्हटलं, रात्रभर काटे मोजत असते.

गाराबाई : दे ती सुरी त्याच्या हातात, पोरी. ऊन कलायला लागलं.

माळचिमणी : ही घ्या, मामंजी. हा इथला. पाचवा.

संथ अस्वल : सूर्यानं ऐकलं, जमिनीनं ऐकलं. मी त्याला कापलं, तेव्हा असं कापलं.

गाराबाई : निघाला. वरच्या तीन ओळी आता तुझ्या तू उसव, त्याला सूट आहे.

माळचिमणी : आत्याबाई, मी नवस बोलले होते. तुमच्या कानात सांगितलं होतं, हे पांघरूण कुणाच्या खांद्यावर ते. नवस मोडला तर?

गाराबाई : नवस पांघरूण पुरं करायचा आहे. ते पुरं कर. राहता राहिलं कानात सांगितलेलं, तर त्या कानानं मला तीन वर्षं झाली ऐकू येत नाही. काटेवाल्या सगळ्या बायकांना विचार.

माळचिमणी : आणि तीन दिवसांत होईल पुरं?

गाराबाई : दोघी बसलो तर. पण सकाळी ते धनुष्यदोरीवाले वाट बघत बसतील त्याचं काय?

माळचिमणी : बघू देत. जिला पाचापर्यंत मोजता येत नाही तिचं पांघरूण घेऊन काय करायचंय त्यांना? मामंजी, उठू नका. एक सांगून जा.

संथ अस्वल : विचार.

माळचिमणी : त्या वाडगेवालीचे खांदे केवढे आहेत?

संथ अस्वल : पाणी वाहून वाकलेत जरा. तुझ्यापेक्षा वीतभर कमीच धर.